सायकल गार्डाच्या डब्यात

आज आम्ही पॅसेंजर गाडीबद्दल आणि सायकलीबद्दल बोलणार आहोत. या दोघींची जोडी जमली तर आपल्या मुलींचं कॉलेज चालू राहतं, आणि तुटली तर बंद पडतं. हे आम्ही आमच्या गटात डोळ्यांनी पाहिलं आहे.

रेल्वेचं स्टेशन गावाच्या मधोमध क्वचितच असतं. आमच्या पुणे-मिरज मार्गावरचीच स्टेशनं बघा. साताऱ्याचं स्टेशन शहरात नाही, माहुलीला आहे. कराडचं ओगलेवाडीला. छोट्या स्टेशनांची तर गोष्टच सोडा, शिवाराच्या कडेला एक पाटी आणि एक बाक. म्हणजे गाडीचं तिकीट कितीही स्वस्त असलं तरी घरापासून गाडीपर्यंत आणि गाडीपासून कामापर्यंत जायचं कसं, हा प्रश्न उरतोच.

आमच्या गावापासून स्टेशन चार किलोमीटर. मुली तिथवर सायकलीने जातात. पण पलीकडे, गाडीतून उतरल्यावर, कॉलेज आणखी पाच किलोमीटर. शेअर रिक्षा जायला वीस, यायला वीस. महिन्याचे चोवीस दिवस धरले तर नऊशे साठ रुपये झाले. आणि गंमत अशी की गाडीचा पास फुकट! हे बऱ्याच जणींना माहीत नसतं म्हणून सांगतो: घर ते शाळा-कॉलेज एवढ्या प्रवासासाठी रेल्वेचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत मोफत मिळतो. कॉलेजचा सही-शिक्क्याचा दाखला लागतो, तो तिकीट खिडकीवर द्यायचा. तर पास फुकट आणि रिक्षाला नऊशे साठ, असा हिशेब होता. एका घरात दोन मुली असतील तर धाकटीचं नाव आपोआप मागे पडायचं. मोठा मुलगा असेल तर काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

मग गटाच्या बैठकीत ठरलं की पलीकडच्या स्टेशनवरही एकेक सायकल ठेवायची. एक सायकल या टोकाला, एक त्या टोकाला. रोज गाडीत सायकल चढवायची भानगड नको. तशी ती चढवूही देत नाहीत. मुंबईत मेट्रोच्या काही मार्गांवर सायकल घेऊन डब्यात शिरता येतं म्हणे. आपल्या पॅसेंजरमध्ये दारात सायकल उभी केली तर डोक्यावर पाटी घेतलेली बाई चढणार कुठून? आम्हाला तो नियम योग्यच वाटतो.

जुन्या सायकली पुण्यात बऱ्या मिळतात. सहा घेतल्या, प्रत्येकी अठराशेला. गटातून कर्ज, महिना दीडशे, बारा हप्ते. आता त्या आणायच्या कशा? टेम्पोवाल्याने चार हजार सांगितले. तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, “अगं, माझे वडील बदलीच्या गावाला सायकल रेल्वेनेच न्यायचे की!” आणि तिचं बरोबर होतं. सोय अजून आहे, आपण विचारत नाही एवढंच.

रीत अशी. आपल्याला तिकिटावर काही किलो सामान फुकट नेता येतं, दुसऱ्या वर्गाला ३५ किलो. पण सायकल त्या फुकट सामानात धरत नाहीत. तिचं वेगळं भाडं भरावं लागतं आणि ती जाते ब्रेकव्हॅनमध्ये, ज्याला आपण गार्डाचा डबा म्हणतो. त्याच गाडीचं तिकीट आपल्याकडे असेल तर सायकल ‘लगेज’ म्हणून बुक होते आणि आपल्याबरोबर येते. तिकीट नसेल तर ती ‘पार्सल’ होते आणि जागा मिळेल त्या गाडीने मागून येते. आपल्याला लगेजच सोयीचं, कारण उतरल्याबरोबर हातात मिळते. गाडी सुटण्याच्या निदान अर्धा तास आधी सामान कचेरीत द्यायला हवं असा नियम आहे. सहा सायकली होत्या म्हणून आम्ही दोन तास आधी गेलो, आणि तेवढा वेळ लागलाच.

खिडकीवरच्या बाबूंनी आधी आमच्याकडे बघितलंच नाही. मग म्हणाले, “बरोबर पुरुष माणूस कोण आहे?” आमच्यातली पन्नाशीच्या पुढची जी आहे, ती म्हणाली, “साहेब, सायकली आमच्या, तिकिटं आमची, पैसे आमचे. पावतीवर नाव लिहायला पुरुष कशाला?” रांगेतले दोघे हसले. पावती झाली. आपला आवाज चढू द्यायचा नाही आणि खिडकी सोडायची नाही, एवढं सांभाळलं की काम होतं.

सायकल बांधायची कशी, ते नीट ऐका, कारण इथेच नुकसान होतं. हँडलचा नट सैल करून हँडल चाकाच्या रेषेत वळवायचं, म्हणजे सायकल चपटी होते. पायडल काढून ठेवायचे. उजवा पायडल नेहमीसारखा सुटतो, पण डाव्याचे आटे उलटे असतात, तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला तरच निघतो. हे माहीत नसलं की माणसं पान्यावर उभी राहतात आणि आटे खातात. घंटी, पंप, कुलूप काढून पिशवीत घालायचं. दांड्यांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळायच्या, वरून गोणपाट. पुठ्ठ्यावर नाव, फोन नंबर, कुठून कुठे, पावतीचा नंबर लिहून दोन ठिकाणी बांधायचा, कारण एक हमखास फाटतो. सायकलीची किंमत जास्त असेल तर ती बुकिंगच्या वेळी लिहून देऊन थोडा जादा आकार भरता येतो. नाही तर हरवली-मोडली तरी भरपाई ठरलेल्या मर्यादेतच मिळते. आमच्या जुन्या सायकलींना आम्ही तो भरला नाही.

आणि एक मोठी अडचण. गाडी जिथे मिनिटभरच थांबते तिथे गार्डाचा डबा उघडून सायकली उतरवायला वेळच नसतो, त्यामुळे छोट्या स्टेशनचं बुकिंग घेत नाहीत. शिवाय आता बऱ्याच पॅसेंजर मेमू किंवा डेमू झाल्या आहेत आणि अशा गाड्यांना बहुतेक ठिकाणी सामानाचा वेगळा डबा नसतो. म्हणून आधी कचेरीत विचारायचं आणि जवळच्या मोठ्या स्टेशनपर्यंतच बुक करायचं. आम्हाला चार सायकली कॉलेजच्या गावीच हव्या होत्या, ते स्टेशन मोठं, प्रश्न आला नाही. उरलेल्या दोन आमच्या गावाला हव्या होत्या. त्या आमच्यातल्या दोघींनी चालवत आणल्या. बावीस किलोमीटर, नऊवारीचा काष्टा घालून. वाटेत उसाच्या गाडीवाले थांबून बघत होते.

बाईने सायकल चालवण्यात नवीन काही नाही. तमिळनाडूत पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत साक्षरतेच्या चळवळीबरोबर हजारो-हजारो बायका सायकल शिकल्या. शीला रानी चुंकत या तिथल्या कलेक्टर होत्या. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा बायकांनी जेंट्स सायकली घेतल्या. पुढच्या दांड्यावर मूल बसवता येतं, म्हणून पुष्कळजणींना त्याच जास्त आवडल्या.

हे सगळं चालतं ते गाडी थांबते तोवर. २०२० साली कोरोनात गाड्या बंद झाल्या. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा साध्या पॅसेंजरला एक्स्प्रेसचं भाडं लावलं, दहाचं किमान तिकीट तीस झालं, आणि पासही बराच काळ चालत नव्हता. आमच्या वाडीतल्या एका मुलीचं अकरावीचं वर्ष त्यात गेलं, ते गेलंच. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. दहाचं तिकीट पुन्हा आलं ते २०२४च्या फेब्रुवारीत. तिच्यासाठी ते उशिरा आलं.

म्हणून आम्ही गावात एक गोष्ट धरून बसलो आहोत. थांबा ठेवायचा की नाही हे बघताना त्या स्टेशनवर तिकिटं किती विकली जातात, ते मोजलं जातं. दोन स्टेशनांपुरतं कोण विचारतंय म्हणून बिनतिकीट चढणारा माणूस दहा रुपये वाचवतो आणि आपल्या मुलींचा थांबा घालवतो. आम्ही हे हळदीकुंकवाला सांगतो, ग्रामसभेत सांगतो, घरातल्या पुरुषांनाही सांगतो. थांब्याबद्दल ग्रामसभेचा ठराव करून त्याची प्रत विभागीय रेल्वे व्यवस्थापकांना आणि खासदारांना द्यायची. गाडीत त्रास झाला, कुणी छेड काढली, तर १३९ नंबर आहे. तो मुलींच्या फोनमध्ये आजच घालून द्या.

आमचे अजून सात हप्ते बाकी आहेत. पलीकडच्या स्टेशनच्या स्टँडवर पत्रा नाही, पावसात साखळ्या गंजतात, म्हणून मुली तेलाची बाटली दप्तरात ठेवतात. पत्र्यासाठीचा अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे. दिवाळीनंतर आणखी तीन सायकली आणायच्या आहेत. कुणाच्या गटाला त्याच वेळी आणायच्या असतील तर या केंद्रावर निरोप ठेवा, खिडकीवर आपण मिळूनच उभ्या राहू.