तालुक्याला गेल्यावर गाडी चार्ज कुठे करायची?



बचत गटाचं कर्ज काढून विजेवरची स्कूटर किंवा रिक्षा घ्यावी का, यावर हल्ली बऱ्याच गटांत चर्चा होते. पेट्रोलचा खर्च वाचतो, हे सगळ्यांना पटतं. पण तालुक्याला गेल्यावर बॅटरी उतरली तर? आणि कर्जाचा हप्ता तर चुकत नाही. म्हणून गाडी घेण्याआधी चार्जिंगचा विचार करू या.

लहान गावात चार्जिंग स्टेशन असलंच, तर ते बहुधा हायवेला, मोटारींसाठी असतं. मोटारीच्या मोठ्या मशीनचा प्लग स्कूटरला बसत नाही. म्हणून "तिथे स्टेशन आहे" एवढ्यावर विसंबू नका. आपल्या गाडीचा प्लग बसतो का आणि मशीन चालू आहे का, हे स्वतः जाऊन बघा.

आता हिशेब. समजा, स्कूटरची बॅटरी ३ युनिटची आहे. ती पूर्ण भरायला मीटरवर साधारण साडेतीन युनिट पडतात आणि काही तास लागतात. कंपनीने १०० किलोमीटर सांगितले, तर आपण ६५-७० धरावेत. मागे कुणी बसलं, पाट्या-पिशव्या असल्या, चढ लागला, की अंतर कमी होतं. तालुका २५ किलोमीटरवर असेल, तर जाऊन-येऊन ५०. घरून पूर्ण भरून निघालात तर वाटेत चार्जिंग लागणार नाही. पण तालुका ३५ किलोमीटरवर असेल, तर तिथे सोय हवीच. दिवसभर फेऱ्या मारणाऱ्या रिक्षालाही दुपारी चार्जिंग लागतं. लोडशेडिंग असेल तिथे बॅटरी पार उतरायची वाट बघू नका, वीज असेल तेव्हा भरून घ्या.

ही सोय आपला गटही करू शकतो. चार्जिंग देणं ही सेवा आहे, त्यासाठी वीजविक्रीचा परवाना लागत नाही, असं केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. गटाची खानावळ, पिठाची गिरणी किंवा दुकान बाजारपेठेत असेल, तर तिथे जागा आहेच. सोबत चार्जर असलेल्या स्कूटरला १५ अँपिअरचं, अर्थिंग असलेलं सॉकेट बहुधा पुरतं. बाई बाजार करून येईपर्यंत गाडी थोडीफार भरते. मात्र घरगुती मीटरवर हा धंदा करू नका. चार्जिंगसाठी वेगळा वीजदर आहे. महावितरणच्या कार्यालयात जाऊन जोडणी आणि लोड विचारून घ्या, मगच पैसे घाला.

जपायचं तेही सांगते. गाडीसोबत आलेलाच चार्जर वापरा. साधी एक्स्टेन्शन वायर लावू नका. उन्हातून आल्यावर बॅटरी निवू द्या. जिन्याखाली, दारात किंवा चुलीजवळ चार्जिंग नको. आग लागली तर बाहेर पडायची वाट मोकळी हवी.

पुढच्या बैठकीत तीन गोष्टी लिहून काढा: गटातल्या कुणाला रोज किती किलोमीटर जावं लागतं, तालुक्यात चालू सॉकेट कुठे आहे, आणि एसटी स्टँड, बाजार, दवाखाना यांपैकी कुठे सोय हवी आहे. मग सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज नगरपंचायतीला द्या आणि त्याची पोच घ्यायला विसरू नका.