सभामंडपातील संग्राम आणि दर्यावरील लढाई

(देवालयाच्या जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवालयाचा जीर्णोद्धार पार पडला, कलश चढला, की गावात एक प्रश्न हमखास निघतो. आता उत्सवात विशेष काय करायचे? दशावतार तर होणारच. धयकाल्यावाचून या मुलखात जत्रा पुरी होत नाही. पण तरुण मंडळींच्या मनात अलीकडे आणखी एक हौस असते. शिवकालातली एखादी लढाई प्रत्यक्ष उभी करावी, मावळ्यांचे पोशाख शिवावेत, ढालतलवारी आणाव्यात, तोफांचे आवाज काढावेत आणि साऱ्या पंचक्रोशीला दाखवावे, ही ती हौस. हौस स्तुत्यच आहे. मात्र लढाई करून दाखविणे हे जोखमीचे काम आहे. त्यात एखाद्याचे डोके फुटू शकते, एखाद्या शेजाऱ्याचे मन दुखावू शकते, आणि पोरांच्या डोक्यात खोटा इतिहास एकदा बसला की तो जन्मभर निघत नाही. म्हणून तलवारी विकत आणण्यापूर्वी थोडा विचार केलेला बरा.

कोकणातल्या माणसाला लुटूपुटूची लढाई नवी नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान करून तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात, ते काय असते? श्रीकृष्णाने नरकासुराला मारले, त्या युद्धाचा तो घरगुती प्रयोगच. घरातले शेंबडे पोरसुद्धा त्यात योद्धा असते. गोव्यात डिचोली, सत्तरी या भागांत शिगम्याला घोडेमोडणी होते. कंबरेला लाकडी घोडा बांधून, एका हातात लगाम आणि दुसऱ्या हातात तलवार घेऊन, ढोलताशाच्या तालावर पुरुष पुढे जातात, मागे येतात. सत्तरीच्या राण्यांनी पोर्तुगीजांवर मिळविलेल्या विजयाची ती आठवण, असे तिकडे परंपरेने सांगतात. तेथे रणांगण नाही, शत्रूही नाही. लाकडाचा घोडा, ताल आणि पिढ्यान्पिढ्या जपलेली आठवण एवढ्याच गोष्टी आहेत.

पण या विद्येचे खरे गुरुकुल म्हणजे देवळाचा सभामंडप. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की दशावतारी मंडळींचे पेटारे गावोगाव फिरू लागतात. रात्री प्रथम आडदशावतार. गणपती येतो, ऋद्धिसिद्धी येतात, मोरावर बसून सरस्वती येते आणि मग काळ्या वेषातला संकासुर येतो. ब्रह्मदेवाचे वेद त्याने पळविलेले असतात. विष्णू त्याच्याशी युद्ध करतो आणि त्याचा वध करतो. त्यानंतरच्या आख्यानातही राजे, दैत्य, संग्राम असतातच. रंगभूमी म्हणजे एक लाकडी बाकडे. तेच सिंहासन, तोच डोंगर, तोच रथ. हातात लाकडाची तलवार, मागे पायपेटी, मृदंग आणि झांज. एवढ्या साहित्यावर अक्षौहिणी सैन्य उभे राहते आणि पहाटे दहीहंडी फुटेपर्यंत प्रेक्षक जागचे हलत नाहीत.

या संग्रामाचे काही अलिखित नियम आहेत. लढाई मोठ्या प्रमाणावर करू पाहणाऱ्यांनी ते नीट पाहून ठेवावेत.

पहिला नियम तालाचा. दशावतारी युद्ध वेगवान दिसते, पण त्यात एकही वार तालाबाहेर पडत नाही. मृदंगाने लय वाढविली की लढणाऱ्यांची पावले वाढतात, आणि मृदंग थांबला की तलवार थांबते. राग आला म्हणून कोणी वार करीत नाही. उलट ज्याला मारायचे त्याचीच काळजी मारणाऱ्याला अधिक घ्यावी लागते.

दुसरा नियम शत्रूचा. संकासुर मरतो खरा, पण तो मरेपर्यंत सभामंडप त्याचाच असतो. देव शुद्ध मराठीत बोलतात आणि संकासुर अस्सल मालवणीत. तो गावाच्या खोड्या काढतो, पुढाऱ्यांची थट्टा करतो, आणि पोरे त्याला भितातही व त्याच्याभोवती नाचतातही. दैत्याची भूमिका करणाऱ्याला कोणी दैत्य समजत नाही. दुसऱ्या दिवशी तो बाजारात भेटला तर लोक त्याला चहा पाजतात. शत्रूचे काम उत्तम वठले नाही तर देवाचा विजयही फिका पडतो, हे जाणणारे हे प्रेक्षक आहेत.

तिसरा नियम प्रेक्षकांचा. त्यांना शेवट ठाऊक असतो. वेद परत येणार, दैत्य मरणार, हे आजोबांनाही ठाऊक आणि नातवालाही. तरी ते बसतात, कारण काय घडले यापेक्षा कसे घडले हे त्यांना पाहायचे असते.

मात्र पुराणातली लढाई आणि इतिहासातली लढाई यांत एक मोठा भेद आहे. दशावतारी नट संवाद पाठ करून येत नाही. कथानक घेऊन तो उभा राहतो आणि बोलणे तेथल्या तेथे रचतो. हे त्याचे कौशल्य. इतिहासात अशी मोकळीक घेता येत नाही. जे घडले नाही ते घडले म्हणून दाखविले, तर ज्यांच्या नावाने जयजयकार करायचा त्यांचाच अपमान होतो. इतिहासातले वीर रंगविताना पुरावा हाच मृदंग समजावा, त्याच्या बाहेर पाऊल टाकू नये.

आता या किनाऱ्यावर कोणती लढाई करून दाखवावी? साधारणपणे कल्पना येते ती घोडदौडीची आणि तलवारबाजीची. बाबासाहेब पुरंदरे यांच्या 'जाणता राजा' या महानाट्याने हत्ती, घोडे आणि शेकडो कलावंत यांच्या साहाय्याने शिवचरित्र उभे केले, त्याचा प्रभाव महाराष्ट्रभर पडला आणि तो योग्यच होता. पण मालवणचा किनारा म्हणजे घाटमाथा नव्हे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. सुमारे ४८ एकरांचा हा जलदुर्ग तीन वर्षांत उभा राहिला, तो कशासाठी? सिद्दी, इंग्रज, पोर्तुगीज, डच या साऱ्यांचा जोर समुद्रावर होता म्हणून. या भूमीची लढाई ही दर्यावरची लढाई आहे. तिचे मुख्य शस्त्र तलवार नसून वल्हे आहे.

याला उत्तम दाखला खांदेरीचा. मुंबई बंदराच्या तोंडाजवळ, थळच्या समोर हे छोटेसे बेट. १६७९ च्या पावसाळ्याअखेर शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून मायनाक भंडारी यांनी तेथे तटबंदीचे काम आरंभिले. मुंबईच्या इंग्रजांना ते सोसणे शक्य नव्हते. सप्टेंबरात त्यांनी गलबते आणून बेटाची नाकेबंदी केली. बेटावर उतरण्याचा प्रयत्न केला, त्यात त्यांचा एक अधिकारी थॉर्प मारला गेला. ऑक्टोबरात दौलतखानाचे आरमार नागावकडून पहाटे चालून आले. 'डव्ह' नावाचे इंग्रजी गलबत मराठ्यांच्या हाती लागले, इतर लहान गलबते पळाली. पण 'रिव्हेंज' हे मोठे जहाज एकटे लढत राहिले आणि त्याच्या तोफांपुढे मराठी आरमाराला मागे फिरावे लागले, हेही तितकेच खरे आहे.

मग खांदेरी राहिली कोणामुळे? मराठ्यांच्या लहान होड्यांमुळे. इंग्रजांची जहाजे मोठी, त्यांना खोल पाणी हवे, वारा हवा. मराठ्यांच्या होड्या उथळ पाण्यातून, खडकांच्या आडून, वारा नसला तरी वल्ह्यांच्या बळावर जात. रात्रीच्या अंधारात बेटावर धान्य पोहोचले, दारूगोळा पोहोचला, दगडचुना पोहोचला आणि नाकेबंदी असतानाही तट वाढत गेला. शेवटी १६८० च्या आरंभी इंग्रजांनीच काढता पाय घेतला. ज्यांनी रात्री वल्ही मारली त्यांची नावे कोणत्याही कागदात नाहीत. त्या नाखव्यांनी आणि खलाशांनी ही लढाई जिंकली.

असा प्रसंग मालवणच्या किनाऱ्यावर करून दाखवायचा, तर त्याचे पात्र होण्यास सर्वांत लायक कोण? भरती-ओहोटी ओळखणारा, मतलई वारा केव्हा सुटतो हे अंगावर जाणणारा, रापणीचा दोर खांद्यावर घेणारा गाबीत, भंडारी, खारवी. त्याला मावळ्याचे सोंग घेण्याची गरज नाही. त्याने स्वतःचेच काम स्वतःच्याच होडीत करून दाखवावे, तो इतिहास होतो. आणि आरमाराचा एक प्रमुख मायनाक भंडारी व दुसरा दौलतखान, ही जोडी एका बाजूने लढली हेही प्रेक्षकांनी डोळ्यांनी पाहावे. गावातल्या कोणत्याही आळीतल्या मुलाला मग अमुक भूमिका तुझी नव्हे, असे म्हणण्याची सोय उरत नाही.

केवळ विजयच दाखवावेत, हा आग्रहही बरा नव्हे. याच जिल्ह्यातल्या विजयदुर्गावर फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजी आरमार समुद्रातून आले आणि पेशव्यांची फौज जमिनीवरून आली. तुळाजी आंग्र्यांचे आरमार आगीत जळाले आणि मराठ्यांचे समुद्रावरचे बळ मराठ्यांच्याच साह्याने खचले. या प्रसंगात शत्रू म्हणून कोणाला उभे करणार? हा प्रश्न पडणे हाच त्या प्रयोगाचा लाभ. घरातल्या भांडणाचे फळ काय होते, हे शंभर भाषणांनी कळत नाही ते जळणारे एक गलबत पाहून कळते.

आता व्यवस्थेच्या दोन गोष्टी. शस्त्रे लाकडाचीच असावीत व त्यांच्या कडा गोल असाव्यात. धातूची तलवार गर्दीत नेऊ नये. निदान महिनाभर तालीम व्हावी आणि कोणी कोठे पडायचे, कोणी कोठून उठायचे, हे ठरलेले असावे. थांबण्याची खूण एकच असावी, मृदंगाची किंवा शंखाची, आणि ती झाल्यावर सेनापतीनेही थांबावे. तोफेसाठी खरी दारू वापरू नये. ढोलाचा आवाज पुरतो. होड्यांत प्रत्येकाला पोहता येत असले तरी अंगावर जीवरक्षक जाकीट घालावे, मग ते शिवकालीन दिसो वा न दिसो. भरतीओहोटीचे कोष्टक पाहून वेळ ठरवावी. बंदर खात्याची व पोलिसांची परवानगी आधी घ्यावी. सिंधुदुर्ग किल्ला हे संरक्षित स्मारक आहे, तेथे विनापरवाना काही करू नये. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत सिंधुदुर्ग, विजयदुर्ग आणि खांदेरी हे तिन्ही आहेत. त्यांच्या भिंतीवर खिळा ठोकून इतिहासप्रेम सिद्ध होत नाही.

४ डिसेंबर २०२३ रोजी भारतीय नौदलाने आपला नौदल दिन तारकर्लीच्या किनाऱ्यावर, सिंधुदुर्गाच्या सान्निध्यात साजरा केला. युद्धनौका, विमाने आणि नौसैनिकांची प्रात्यक्षिके हजारो लोकांनी वाळूत उभे राहून पाहिली. जे थरारून पाहावे वाटते त्यामागे कित्येक दिवसांचा सराव असतो आणि एकाची चूक दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते, हे त्या दिवशी किनाऱ्याने पाहिले. गावच्या प्रयोगाला एवढा थाट नको, पण शिस्त मात्र तीच हवी.

देणगीदारांच्या पैशाचाही येथे प्रश्न आहे. देवालयासाठी दिलेला रुपया देवालयासाठीच खर्च व्हावा. प्रयोगासाठी निराळी वर्गणी आणि निराळा हिशेब असावा, आणि तो दुसऱ्या दिवशी फलकावर लागावा. जीर्णोद्धारात गुळगुळीत फरशी बसविली जाते, ती दिसायला देखणी, पण अनवाणी नाचणाऱ्या दशावतारी नटाचा पाय तिच्यावर घसरतो. संग्रामाची जागा तेवढी खरबरीत ठेवली, तर तीही श्रीदेवाची सेवाच होईल.

लढाई करून दाखविण्याचा हेतू लढाईची हौस वाढविणे हा नाही. शत्रूचे सोंग घेतलेला शेजारी आणि राजाचे सोंग घेतलेला शेजारी दोघेही खेळ संपल्यावर एकाच पंक्तीला बसतात, पहाटेचा दहीकाला एकाच हंडीतला खातात. ज्या गावात हे घडते त्या गावाला पूर्वजांचा पराक्रम कळला, असे म्हणावे. नूतन सभामंडपात असे अनेक संग्राम रंगोत आणि त्यांतून गावचा एकोपा वाढो, हीच श्रीचरणी प्रार्थना.