तालमीच्या मातीतला फुटबॉल
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोडला आहे. उभा जन्म बँकेत काढलेला हा माणूस आता कर्जाच्या हप्त्यांवर बोलणार, अशी भीती पुढच्या दोन रांगांत मला स्पष्ट दिसते आहे. घाबरू नका. मी कोल्हापूरच्या तालमींच्या फुटबॉलवर बोलणार आहे. शेवटी एक मागणीही आहे, पण ती शेवटीच.

आपल्या शाळेत फुटबॉल नव्हता. कबड्डी होती, खो-खो होता, कुस्ती होती. चेंडू होता तो व्हॉलीबॉलचा. त्याला कुणी लाथ मारली की पी.टी.च्या सरांची शिट्टी वाजायची आणि मैदानाला दोन फेऱ्या ठरलेल्या. त्यामुळे मी कॉलेजसाठी कोल्हापूरला गेलो तेव्हा फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. एका जुन्या पेठेत खोली घेतली. घरमालकांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठल्या पेठेचा?" मी म्हटलं, "शिरोळचा." ते म्हणाले, "ते गाव झालं. असू दे, आजपासून ह्या पेठेचा." संध्याकाळी त्यांच्या मुलानं मला तालमीत नेलं. पुढे नोकरीही कोल्हापुरातच लागली आणि त्या तालमीच्या फुटबॉल संघाचा हिशेब बरीच वर्षं माझ्याकडे राहिला. खेळलो कधीच नाही. वही मात्र चोख ठेवली.

तालीम म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. पण कोल्हापूरच्या तालमीचं प्रकरण थोडं वेगळं आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला जो आश्रय दिला, त्यातून पेठापेठांत तालमी बहरल्या. १९०२ साली महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी युरोपात गेले, रोमचं जुनं कलोसियम पाहून आले आणि त्यातून खासबागचं कुस्ती मैदान उभं राहिलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. पण तालीम नुसती कुस्तीची कधीच नव्हती. लाल मातीचा हौदा असतो, शेजारी मारुती असतो, गणपती तिथेच बसतो आणि अनेक तालमींत मोहरमचा पंजाही तिथेच बसतो. पेठेतलं भांडण तिथे मिटतं, लग्नाची वर्गणी तिथे निघते, रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर पोरं तिथूनच उठतात.

अशा घरात फुटबॉल शिरला. संस्थानी काळातच, १९४० साली, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन म्हणजे आपली के.एस.ए. स्थापन झाली. छत्रपती घराण्याचा तिला आश्रय मिळाला आणि तो आजही आहे. पुढच्या काही दशकांत एकेक तालीम, एकेक तरुण मंडळ संघ उतरवू लागलं. मंगळवार पेठेची पाटाकडील तालीम, शिवाजी पेठेचं शिवाजी तरुण मंडळ आणि खंडोबा तालीम, शिवाय बालगोपाल, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब, संध्यामठ, जुना बुधवार, फुलेवाडी. ही नावं कोल्हापुरात शेंबडं पोरसुद्धा एका दमात म्हणतं.

कुस्तीच्या शहरानं फुटबॉल इतका का उचलला? माझा आपला एक हिशेबनीसाचा अंदाज आहे. कुस्ती एकट्याची असते. पैलवान कुठूनही येतो, आपल्या शिरोळ तालुक्यातून येतो, पंजाबातून येतो, तालमीत राहतो, खातो आणि जिंकला तर नाव त्याचं होतं. फुटबॉलमध्ये मात्र पेठेला स्वतःला मैदानात उतरता आलं. अकरा पोरं आपल्याच गल्लीतली, त्यांचे बाप, चुलते आणि आजोबा कठड्यावर. गोल झाला तर तो गल्लीनं केला, चुकला तर गल्लीनं चुकवला.

शाहू स्टेडियमवर हंगामातली महत्त्वाची मॅच ज्यांनी पाहिली असेल, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. थंडी सुरू झाली की हंगाम सुरू होतो आणि उन्हाळा संपेपर्यंत चालतो. आधी के.एस.ए.ची लीग, मग महापौर चषकासारख्या बाद पद्धतीच्या स्पर्धा. भर दुपारच्या उन्हात टोप्या, टॉवेल, शेंगदाण्याच्या पुड्या घेऊन हजारो माणसं तिकीट काढून बसतात. तिकीट काढून, हे मी मुद्दाम सांगतो, कारण गावपातळीच्या खेळाला लोक पैसे मोजून जातात अशी उदाहरणं देशात फार नाहीत. वर्ल्ड कपच्या वेळी गल्लीत मेस्सी, नेमार, रोनाल्डो यांचे मजला-मजला उंचीचे कटआउट लागतात ते वेगळंच.

आता वहीतलं थोडं सांगतो. आमच्या संघाला मालक नव्हता. जमेच्या बाजूला वर्गणी, गल्लीतल्या दुकानदारांची देणगी, स्पर्धेत मिळालेलं बक्षीस, आणि कुणी जुना खेळाडू परगावी चांगल्या नोकरीला लागला असेल तर त्याची मनिऑर्डर. खर्चाच्या बाजूला बूट, जर्सी, नी-कॅप, बर्फ, केळी, अंडी, दूध आणि दवाखाना. हा शेवटचा आकडा दर वर्षी अंदाजाच्या बाहेर जायचा. आमचा एक आघाडीचा खेळाडू होता. फौंड्रीत रात्रपाळी करून सकाळी झोपायचा आणि दुपारी मॅचला यायचा. एका मॅचमध्ये गुडघा फिरला. विमा नाही, काही नाही. त्या आठवड्यात तालमीत ताट फिरलं आणि ऑपरेशनचा खर्च निघाला. तो पुन्हा खेळू शकला नाही. पण संध्याकाळी येऊन लहान पोरांना शिकवू लागला आणि त्यातली तीन पोरं पुढे संघात आली. बँकेत मी तारण नसलेलं कर्ज कधी मंजूर केलं नाही. तालमीत मात्र सगळा व्यवहारच विनातारण चाललेला पाहिला, आणि बुडीत खातं फारसं आढळलं नाही.

पण मित्रहो, आपण सगळे आता केस पिकलेली माणसं आहोत, तेव्हा दुसरी बाजूही सांगायला हवी. कोल्हापुरात एक शब्द आहे, ईर्षा. प्रमाण मराठीत तो मत्सरासाठी वापरतात. कोल्हापुरात ईर्षा म्हणजे समोरच्यापेक्षा काकणभर सरस ठरण्याची जिद्द. ह्याच ईर्षेवर हा फुटबॉल जगला आणि हीच ईर्षा त्याच्या मुळावरही येते. घोषणाबाजी होते, त्याची शिवीगाळ होते, दगड येतात, मैदानावरचं भांडण रात्री पेठेत जातं. स्पर्धा मध्येच थांबवाव्या लागल्याचे प्रसंग आले आहेत. कोवळ्या पोरांवर गुन्हे दाखल होतात आणि मग पासपोर्ट, पोलीस भरती, सगळं अडतं. ज्या तालमीनं पोराला शिस्त लावायची, तिच्याच नावानं त्याचं नुकसान होतं.

हे असं का होतं? पोरं वाईट आहेत म्हणून, असं मला वाटत नाही. इंग्लंडमध्ये असे शेकडो छोटे क्लब आहेत. मोठ्या लीगच्या बाहेरचे, गावाचे, गिरणीचे, गोदीचे. पण त्यांच्यासमोर शिडी आहे. खालच्या लीगमध्ये पहिला आला की वरच्या लीगमध्ये जातो. १९८७ पासून तर त्या शिडीची शेवटची पायरीही जोडली गेली आणि गावातला क्लब केवळ खेळाच्या जोरावर थेट फुटबॉल लीगमध्ये जाऊ लागला. आपल्याकडे राष्ट्रीय लीग १९९६ ला सुरू झाली, तिची २००७ मध्ये आय-लीग झाली, २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. पण पेठेतल्या तालमीनं के.एस.ए.ची लीग जिंकली की ती वर कुठे जाते? कुठेच जात नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तीच पेठ, तेच मैदान, तोच शेजारी. जिंकण्यासारखं जगात एकच उरतं, ते म्हणजे शेजारची गल्ली. मग सगळी ताकद तिथेच लागते. शेजाऱ्याला हरवायचं म्हणून बाहेरून मानधनावर खेळाडू आणले जातात, अगदी नायजेरियासारख्या देशांतूनही येतात. ते चांगले खेळतात, त्यांच्याशी माझी काही तक्रार नाही. पण वही लिहिणाऱ्याला दिसतं की मानधनाचा आकडा वाढतो तसा लहान पोरांच्या बुटांचा आकडा कमी होतो.

वर जातो तो संघ नाही, एकटा खेळाडू. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा वर्ल्ड कप भारतात झाला. फुटबॉलच्या कुठल्याही वर्ल्ड कपमध्ये भारत खेळण्याची ती पहिलीच वेळ होती. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. सगळ्या कोल्हापूरला अभिमान वाटला, मलाही वाटला. पण तो घडला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. कोल्हापूरच्या मुलीही मागे नाहीत. एफ.सी. कोल्हापूर सिटी हा मुलींचा संघ भारतीय महिला लीगमध्ये खेळून आला. म्हणजे शिडी लावली की पोरं-पोरी चढतात. पाय आपल्याकडे आहेतच.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं कोल्हापूरचं झालं, शिरोळचा ह्यात काय संबंध? सांगतो.

तालमीच्या फुटबॉलचा इतिहास पाहिला तर त्याच्या मुळाशी तीनच गोष्टी सापडतात. चालत जाता येईल अशी सपाट जागा, रोज संध्याकाळी तिथे येणारं एक वडीलधारं माणूस, आणि वर्गणी देताना कपाळाला आठी न घालणारी गल्ली. बाकी सगळं नंतर आलं. ह्यातली तिसरी गोष्ट आपल्याकडे आहे की नाही, हे २०१९ च्या महापुरात साऱ्यांनी पाहिलं. कृष्णा-पंचगंगेचं पाणी तालुक्यात शिरलं तेव्हा माणसं, जनावरं बाहेर काढायला, जेवण पोचवायला सर्वांत आधी पाण्यात उतरली ती आपली तरुण मंडळंच. जी मंडळं पुरात उभी राहतात, त्यांना रोज संध्याकाळी दोन तास पोरं खेळवणं जड नाही.

दुसरी गोष्ट, वडीलधारं माणूस. इथे समोर निवृत्त झालेले निदान पंचवीस जण बसलेले मला दिसतात. त्यातले निम्मे सकाळी फिरायला जातात आणि संध्याकाळी मोबाईलवर राजकारण करतात. त्यांची सोय झाली.

राहिली पहिली गोष्ट, मैदान. काल संध्याकाळी मी एकटाच आपल्या मैदानावर चक्कर मारली. एका कोपऱ्यात बांधकामाची खडी पडली आहे, मधून दुचाकींची वाट पडली आहे, पावसाळ्यात पाणी साचतं तिथे खड्डा आहे. कुणाला दोष देत नाही. मैदान वापरात नसलं की त्याचं असंच होतं.

आणि आता मागणी. ह्या मेळाव्यातून जमलेल्या निधीत शाळेसाठी स्वागत कमान बांधायची, तिच्यावर आपल्या तुकडीचं नाव कोरायचं, असं ठरत असल्याचं मला कळलं. कमान चांगली दिसेल, फोटोही चांगले येतील. पण माझी सर्वांना हात जोडून विनंती आहे की त्या निधीतून आधी मैदान करू. खडी उचलू, माती टाकून रोलर फिरवू, पाण्याला वाट काढू, दोन बाजूंना गोलपोस्ट उभे करू आणि पहिल्या वर्षाचे चेंडू, जाळ्या, बूट घेऊ. मुलांसाठी आणि मुलींसाठीही. नाव कुणाचंच कोरायचं नाही. पैसे उरले तर कमान बांधू, माझी हरकत नाही.

खर्चाचा अंदाज मी एका कागदावर काढून आणला आहे, तो संयोजकांकडे देतो. दर महिन्याचा हिशेब लिहायचं काम मी घेतो. शनिवारी-रविवारी कोल्हापूरहून येत जाईन. कोल्हापूरच्या तालमींनी जे चांगलं केलं ते आपण घेऊ. जे बिघडलं ते पहिल्या दिवसापासून बाहेर ठेवू. मैदानावर कुठल्याही गल्लीचा, मंडळाचा, जातीचा झेंडा नको. जर्सीवर फक्त शाळेचं नाव. ईर्षा करायचीच असेल तर जयसिंगपूर, कुरुंदवाडच्या शाळांशी करू आणि मॅच झाल्यावर त्यांच्याच पोरांना आपल्याकडे जेवायला बसवू.

चहापानाच्या वेळी दाराजवळच्या टेबलावर मी वही ठेवली आहे. पहिल्या पानावर वर्गणी लिहायची आहे आणि दुसऱ्या पानावर, आठवड्यातली कुठली संध्याकाळ मैदानावर द्याल ते. पहिलं पान कोरं राहिलं तरी चालेल, पण दुसरं भरा.

आणि पी.टी.चे सर आज इथे समोर बसले आहेत. सर, आता पोरांनी चेंडूला लाथ मारली तर शिट्टी वाजवू नका, एवढी आमची परवानगी असावी.