खाडी, आगर आणि यार्ड : पनवेलच्या बोलण्याची वळणे
(स्वागताध्यक्षीय भाषण)

पनवेल तालुक्यातला आगरी माणूस गाडीला 'गारी' म्हणतो, झाडाला 'झार', पाण्याला 'पानी' आणि डोळ्याला 'डोला'. शब्दाच्या मधल्या किंवा शेवटच्या 'ड'चा 'र' होणे, 'ण'चा 'न' आणि 'ळ'चा 'ल' होणे हे या बोलीचे नियम आहेत; त्यात अशुद्ध काही नाही. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) आगरी, कोळी आणि कातकरी यांची दखल घेतलेली आहे. शाळेने मात्र हे नियम कधी मानले नाहीत, आणि वर्गात 'पानी' म्हणणारी मुले त्यापायी गप्प बसत आली.

जागा आणि काम यांनी बोलणे कसे बदलते, या विषयावरची परिषद पनवेलमध्ये भरणे म्हणूनच योग्य. स्वागत समितीच्या वतीने सर्व अभ्यासकांचे आणि त्यांच्याआधी बोली बोलणाऱ्यांचे येथे स्वागत आहे.

पनवेल खाडीकाठचे बंदर, तशीच बोरघाटाच्या वाटेवरची पेठ. त्यामुळे इथे एकच एक बोली कधीच नव्हती. कोकणी मुसलमानांचे बोलणे वेगळे, ब्राह्मण आळीचे वेगळे. तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे बेने इस्राएल 'शनिवार तेली' म्हणून ओळखले गेले. प्रार्थना हिब्रूत, पण घरात मराठी.

खाडीकाठच्या कामांची शब्दसंपत्ती मोठी. मिठागर म्हणजे आगर, आणि आगरी हे नावही त्यावरूनच आल्याचे मानले जाते. खाऱ्या पाण्यापासून भातशेती राखणाऱ्या बांधातली पाणी सोडण्याची झडप म्हणजे उघाडी. मोठी भरती उधाणाची, लहान भांगाची. जाळ्यांत डोल वेगळे, पाग वेगळे. हे शब्द रोज हाताखालून जात, म्हणून ते टिकले.

१९७० साली सिडको हे शहर वसवणारे शासकीय महामंडळ स्थापन झाले आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. आगरांच्या जागी कंटेनरचे यार्ड आले. ज्या घरात उघाडी आणि भांग हे शब्द होते, तिथे ट्रेलर, सेक्टर, नोड आणि 'साडेबारा टक्के' आले. जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या भूखंडाचे हे नाव तर आता आकडा म्हणून कोणी ऐकतच नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारात सातारी माथाडी, उत्तरेकडचे चालक आणि स्थानिक कारकून यांना जोडणारी कामचलाऊ हिंदी रुळली.

शब्द कामाबरोबर गेले, उच्चार मात्र तितक्या सहज गेले नाहीत. तरुण आगरी माणूस कार्यालयात 'गाडी' म्हणतो, नाक्यावर मित्रांत 'गारी'. हा दुटप्पीपणा नाही. समोर कोण आहे हे ओळखून बोलणे बदलण्याची ही सवय जगभर आहे. आणि उच्चार ओळख म्हणून मुद्दाम जपलेही जातात. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबाव यांनी अमेरिकेतल्या मार्थाज् व्हिनयार्ड या बेटाचा अभ्यास १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. पर्यटकांची गर्दी वाढली तशी बेटावरच राहू इच्छिणाऱ्यांनी, विशेषतः मासेमारांनी, 'राइट', 'हाउस' अशा शब्दांतला आपला जुना स्वर अधिकच ठळक केला. पनवेलमध्येही तेच दिसते. गावे इमारतींनी वेढली गेली, तशी हळदीच्या गाण्यांत, विनोदी चित्रफितींत आणि प्रकल्पग्रस्तांच्या सभांत आगरी हेल मुद्दाम उंचावला.

यात संख्येचा आणि संघटनेचा वाटा आहे, हे नोंदवले पाहिजे. आगरी समाजाजवळ आंदोलनाचा वारसा आहे, व्यासपीठे आहेत, ऐकणारा वर्ग आहे. कर्नाळ्याच्या परिसरातल्या वाड्यांवरच्या कातकरी बोलीजवळ यांतले फार थोडे आहे. वीटभट्टीवर मुकादमाशी मराठी, बाजारात गिऱ्हाइकाशी मराठी, मुलांच्या शाळेत मराठी. कातकरी उरते ती घरापुरती, आणि कामासाठी घरच वर्षातले कित्येक महिने दुसऱ्या गावी हलते.