गुडघा दुखतो, पण खुबा पाहिला का?

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, आणि ठिकठिकाणांहून आलेले अस्थिरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ व प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टर मित्रहो, स्वागत समितीच्या वतीने नागपुरात आपले मनःपूर्वक स्वागत. प्राथमिक केंद्रांतील डॉक्टरांचे नाव मी शेवटी घेतले असले, तरी माझे आजचे म्हणणे मुख्यतः त्यांच्यापाशी आहे. लंगडणारे मूल पहिल्यांदा त्यांच्यापुढे येते आणि त्या पहिल्या भेटीत त्याचा खुबा तपासला गेला की नाही, यावर पुढचे फार काही ठरते.

आज बहुधा असे घडते की मूल गुडघा दाखवते, गुडघ्याचा एक्स-रे निघतो, त्यात काही सापडत नाही आणि ‘वाढीचे दुखणे’ असे सांगून मुलाला घरी पाठवले जाते. खुबा आणि गुडघा या दोन्ही सांध्यांना ऑब्च्युरेटर मज्जातंतूच्या शाखा जातात, म्हणून खुब्यातली कळ गुडघ्यात जाणवते, हे आपण सगळेच शिकलो आहोत. दहा ते सोळा वर्षांच्या, विशेषतः वजनदार मुलांत मांडीच्या हाडाचे डोके वाढीच्या थरापाशी सरकते, तेव्हा नेमके हेच होते. मूल चालू शकते तोवर एका स्क्रूने ते डोके जागच्या जागी धरता येते. लोडर आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये मांडलेल्या मालिकेत, कुबड्या घेऊनही चालता न येणाऱ्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा गेला. चालू शकणाऱ्यांत एकाचाही नाही. खरे वाढीचे दुखणे दोन्ही पायांत, संध्याकाळी वा रात्री होते, सकाळी मूल खेळायला पळते आणि ते कधीच लंगडत नाही. मूल लंगडत असेल, तर ते निदान तिथेच बाद होते.

यावर रास्त आक्षेप असा, की लंगडणाऱ्या तीन ते आठ वर्षांच्या बहुतेक मुलांत खुब्याची तात्पुरती सूज असते आणि आठवडा-दोन आठवड्यांत ती आपोआप उतरते. मग प्रत्येकाला जिल्हा रुग्णालयात का पाठवायचे? प्रत्येकाला पाठवा असे मी म्हणतच नाही. तपासणे वेगळे, पाठवणे वेगळे. बोस्टनच्या कोकर यांनी 1999 मध्ये ताप, पायावर भार न देणे, वाढलेला ईएसआर आणि वाढलेल्या पांढऱ्या पेशी अशी चार लक्षणे सांगितली. चारही असतील तर सांध्यात पू असण्याची शक्यता त्यांच्या रुग्णांत 99 टक्के निघाली. मात्र 2004 मध्ये दुसऱ्या रुग्णालयातील मुलांत तीच शक्यता 59 टक्के ठरली. म्हणजे आकडे मदतीला आहेत, निर्णय डॉक्टरांचाच. शंका असेल तिथे सोनोग्राफी करून सुईने पाणी काढून पाहावे, आणि त्याआधी अँटिबायोटिकची गोळी देऊन चित्र पुसट करू नये. सांध्यातला पू कूर्चा झपाट्याने खातो. तिथे उद्यावर ढकलण्याला जागा नाही. रक्ताची तपासणी होण्याआधी स्टिरॉइड देणेही तितकेच घातक, कारण हाडांच्या दुखण्याने सुरू होणारा रक्ताचा कर्करोग त्याखाली दडतो.

दुसरा आक्षेप गर्दीचा. ओपीडीत रांग लागलेली असते, हे खरे. पण मुलाला उताणे झोपवून, खुबा वाकवून, दोन्ही बाजू आत फिरवून तुलना करायला दोन मिनिटे पुरतात आणि यंत्र लागत नाही. त्यात फरक दिसला, तरच दोन्ही खुब्यांचा एक्स-रे मागवावा, समोरून आणि बेडकासारखे पाय फाकवून. केवळ समोरचा काढला तर सुरुवातीचे सरकणे निसटते.

विदर्भात आणि नंदुरबारकडे याला एक पदर आणखी आहे. सिकलसेल असलेल्या मुलाच्या प्रत्येक दुखण्यावर ‘क्रायसिस’ असे लिहिले जाते. तेच दुखणे हाडातला जंतुसंसर्ग असू शकते, खुब्याच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटल्याचेही असू शकते. आपल्या चर्चासत्रांतून या मुलांसाठी एक पानी तपासणीक्रम तयार व्हावा आणि तो प्रत्येक केंद्राच्या टेबलावर पोचावा, एवढी विनंती करून मी अध्यक्षांना सूत्रे हाती घेण्याची विनंती करतो.