कातरणाचा आहेर

(चिखलोली येथे संत नामदेव जयंतीनिमित्त भरलेल्या ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



येत्या संक्रांतीस प्लॅस्टिकच्या डब्या न लुटता कातरणाचे बटवे वाण म्हणून लुटावेत, असे आपल्या महिला मंडळाने ठरविले आहे. हा निश्चय मला मनापासून आवडला. परंतु त्यासोबत अशीही सूचना आली आहे की, कापड फुकट मिळणार असल्यामुळे दोनशे बटव्यांची शिलाई शिवणाऱ्या भगिनींनी समाजसेवा म्हणून करावी. त्या सूचनेविषयी मला थोडे बोलावयाचे आहे.

प्रथम कातरण कोणाचे, हे पाहू. ‘चिंधीचोर’ हा शब्द मुंबईकडे सर्रास ऐकू येतो. आपल्या धंद्यातील माणसाला तो जरा अधिकच झोंबतो, कारण शिंपी कापड मारतो हा आरोप फार जुना आहे. माझ्या वडिलांचे शिवणाचे लहानसे दुकान होते. गिऱ्हाइकाचा कपडा तयार झाला की उरलेले तुकडे, मग ते बोटभर का असेनात, गुंडाळी करून त्याच कापडाच्या काठाने बांधून ते परत देत. मी चौदा वर्षांची असताना एका गुंडाळीतून हिरव्या खणाचे तीन तुकडे मी काढून घेतले आणि मैत्रिणीच्या लग्नासाठी बटवा शिवला. बटवा सुबक झाला होता, हे आजही सांगते! पण त्या लग्नात खणाची मालकीण आली होती. तिने तो हातात घेतला, उलटून पाहिला आणि काही न बोलता परत ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील मला घेऊन त्या बाईंच्या घरी गेले. “मुलीने चूक केली, चोळीची शिलाई घेणार नाही,” एवढेच ते म्हणाले. बाईंनी पैसे पुढे केले. वडिलांनी हात मागे घेतला. त्या महिन्यात घरात पैशाची किती ओढ होती, ते मला ठाऊक होते. वाटेत ते मला एक शब्दही रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते.

आज प्रश्न वेगळा आहे. येथून जवळच उल्हासनगरला जीन्सच्या कपड्यांचा मोठा धंदा आहे आणि तेथील कातरण वजनावर घेता येते. त्यात कोणाचा विश्वासघात नाही. त्या नगराची गोष्टही तुकडे जोडण्याचीच आहे. महायुद्धाच्या काळातील लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि 1949 साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. सिंधमध्ये जुन्या कापडाचे तुकडे जोडून रल्ली शिवतात. मुलीच्या लग्नात ती देतात. आपली गोधडी तिची सख्खी बहीण शोभेल. फरक एवढाच की, रल्लीचे टाके पुष्कळदा समांतर ओळींनी जातात, तर आपल्या आज्या काठापासून सुरुवात करून फेर घेत घेत मधोमध पोचत. ज्या ग्रंथसाहिबाला नानकपंथी सिंधी मानतात त्यात आपल्या नामदेवरायांची 61 पदे आहेत. त्यांतील एका पदात त्यांनी मनाला गज आणि जिभेला कातर म्हटले आहे. आपल्या दुकानातील अवजारे तेथे पूजेत जाऊन बसली आहेत!

जुन्या चिंधीची आपल्याकडे लाज नव्हती. बाळाचे पहिले दुपटे आजीच्या विटक्या, मऊ लुगड्याचे. कृष्णाचे बोट कापले तेव्हा द्रौपदीने भरजरी वस्त्र फाडून चिंधी बांधली, ही कथा घरोघरी सांगितली जाते. त्या आहेराचे मोल गजावर कोणी मोजले नाही.

आता कामाचे बोलते. बटव्यासाठी सुती कापड आणि खणच घ्यावे. नवे सुती तुकडे आधी धुऊन वाळवावेत, नाहीतर पहिल्या धुण्यात एक तुकडा आटतो आणि शेजारचा सुरकुततो. जीन्सचे तुकडे बटव्याला जाड पडतात, नेफ्यात चुण्या बसत नाहीत. त्यांची तव्यावरची पकड किंवा बाजाराची पिशवी करावी. घरच्या यंत्राला सोळा किंवा अठरा नंबरची सुई लावावी, टीप मोठी ठेवावी आणि चार पदर एकत्र येतात तेथे चाक हाताने फिरवावे. पकडीसाठी मात्र एक धागा जाळून पाहावा. सुती असेल तर राख होते. वितळून मणी झाला तर ते कापड चुलीजवळ नको.

आणि वेळ? बेतणे, अस्तर लावणे, नेफा घालणे, नाडी ओवणे मिळून एका बटव्यास पाऊण तास लागतो. मी घड्याळ लावून पाहिले आहे. दोनशे बटव्यांचे दीडशे तास होतात. आपल्यात शिवणाऱ्या भगिनी पाच. म्हणजे प्रत्येकीचे तीस तास, तेही बाहेरची शिलाई बाजूला ठेवून. यांपैकी दोघींचे घर त्या शिलाईवरच चालते. मेळाव्याच्या मांडववाल्याला आपण पैसे दिले, आचाऱ्यालाही दिले. त्यांच्याकडे कोणी सेवा मागितली नाही, ते योग्यच झाले. मग यंत्रावर बसलेल्या बाईकडेच ती का मागावी? आपल्या बापजाद्यांनी शिलाईवर पोट भरले आणि त्यांची ज्ञातीच शिलाईला फुकट म्हणू लागली, तर बाहेरच्यांना आपण काय सांगणार? माझे म्हणणे असे की, नगाचा दर त्या पाच जणींनी बसून सांगावा आणि तो मंडळाच्या हिशेबात दोरा, अस्तर व नाडी यांच्या खर्चाबरोबर लिहावा. बटवे दोनशे झेपत नसतील तर शंभर करू. उरलेल्या घरी तिळगूळ जाईलच. ज्यांना सेवा करावयाची आहे त्यांनी तुकडे धुऊन, इस्त्री करून, रंगवार लावून द्यावेत. या कामाला पुरुषांनाही मज्जाव नाही.

घरचे खण-तुकडे देणाऱ्यांनी गुंडाळीला आपल्या नावाची चिठ्ठी टाचावी. जे कापड उरेल ते काठाने बांधून ज्याचे त्याला परत मिळेल.