आपण खातो ते तेल आणि आपले रक्त

(जुळे सोलापूर येथील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी पीकशास्त्राचा प्राध्यापक, डॉक्टर नव्हे. तरीही आज तेलावर बोलणार आहे. मागच्या वर्षी माझ्या वडिलांच्या रक्ततपासणीत ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातील चरबी, वाढलेली निघाली. ते म्हणाले, "जन्मभर घरच्या करडईचं तेल खाल्लं. मग ही चरबी आली कुठून?" तुमच्यापैकी अनेकांना हाच प्रश्न पडत असेल.

कोणतेही तेल हे मुख्यतः स्निग्धाम्लांचे बनलेले असते. पामतेलात व तुपात संपृक्त स्निग्धाम्ले बरीच असतात. शेंगदाणा तेलात ओलिक आम्ल अधिक, तर करडईच्या तेलात सुमारे ७५ टक्के लिनोलिक आम्ल असते. जेवणानंतर ही आम्ले आतड्यातून रक्तात येतात व तीन-चार तासांनी ट्रायग्लिसराइडचे प्रमाण सर्वाधिक होते. म्हणूनच ही तपासणी बहुधा उपाशीपोटी करतात.

करडईतील लिनोलिक आणि जवसातील अल्फा-लिनोलेनिक ही दोन आम्ले आपले शरीर तयार करू शकत नाही. ती आहारातूनच मिळावी लागतात. त्यामुळे ती जशी खाल तशी रक्तात दिसतात. तेल बदलले की काही आठवड्यांत रक्तात फरक पडतो. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून त्यांच्यात मागील काही महिन्यांच्या आहाराची नोंद राहते.

संपृक्त स्निग्धाम्लांचे मात्र तसे नाही. गरजेपेक्षा जास्त साखर व पिष्टमय पदार्थ खाल्ले, तर आपले यकृतच त्यापासून चरबी बनवून रक्तात सोडते. दारूनेही ती वाढते. माझ्या वडिलांचे तेल चांगले होते, पण दिवसाला सात-आठ कप गोड चहा चालू होता आणि शेतातले कष्ट सुटले होते. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर तिथे सापडले.

करडईचे तेल चांगले म्हणून ते कितीही खावे, असेही नाही. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे १९६६ ते १९७३ या काळात हृदयरोगी पुरुषांना करडईचे तेल व त्याचे मार्गारिन मोठ्या प्रमाणात देऊन पाहिले. त्यांचे कोलेस्टेरॉल उतरले, पण मृत्यू त्याच गटात जास्त झाले. म्हणून एकाच तेलाचा अतिरेक नको.

घरी पुढील गोष्टी पाळाव्यात.

१) चौघांच्या कुटुंबाला महिन्याला तीन लिटर तेल म्हणजे माणशी रोज सुमारे २३ ग्रॅम. बैठे काम करणाऱ्या पुरुषाला रोज २५ ग्रॅम, तर अंगमेहनत करणाऱ्याला ४० ग्रॅमपर्यंत तेल पुरते.

२) करडई व शेंगदाणा तेल आलटून पालटून वापरावे. जवसाची चटणी रोज चमचाभर भाकरीबरोबर खावी.

३) तळलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. करडईचे तेल अशाने लवकर खराब होते.

४) चहातील साखर कमी करावी. रक्तातील चरबी वाढलेली असल्यास डॉक्टरांचे औषध मनाने बंद करू नये.

आता शेतीचा हिशेब. वर्षाला ३६ लिटर म्हणजे सुमारे ३३ किलो तेल. घाण्यावर २५ टक्के उतारा धरला तर १३२ किलो करडई लागेल. कोरडवाहूत एकरी तीन क्विंटलच उत्पादन धरले, तरी अर्धा एकर पुरे. सोलापूरच्या संशोधन केंद्राने १९८२ साली 'भीमा' हा वाण दिला, त्यानंतरही सुधारित वाण आले. आपल्या भारी जमिनीत मुरलेल्या ओलीवर हे पीक येते. पूर्वी ज्वारीच्या कडेने करडईचे तास असत, काट्यांमुळे जनावरे आत शिरत नसत. ते तास आपण मोडले आणि तेलाचा डबा दुकानातून आणू लागलो.

येत्या रब्बीत निदान घरापुरती करडई आणि चार ओळी जवस पेरा. डब्यात कोणते तेल आहे हे तुम्हाला ठाऊक असेल, तर रक्तात काय जाते तेही ठाऊक राहील.